जखमी कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे उभे करताना

जखमी कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मागायची वेळ आली की सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे किती पैसे लागतील. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. त्याआधी विचारायला हवे की या जनावराला नेमके काय झाले आहे आणि त्यावर कोणता उपचार योग्य ठरेल. पशुवैद्याने तपासून हे सांगण्यापूर्वी जाहीर केलेल्या आकड्याला कसलाच आधार नसतो, आणि पुढे तो बदलावा लागला की देणाऱ्यांच्या मनात शंका येते आणि मागणाऱ्याची कोंडी होते. आम्ही काही जणांनी मिळून नुकताच भुरी नावाच्या एका कुत्रीसाठी असा निधी उभा केला. त्यातून जे समजले ते सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण अशा प्रसंगी धावून येणारी माणसे पुष्कळ असतात, पण पैशाचे काम कोणत्या क्रमाने करायचे हे सांगणारे कोणी सहसा जवळ नसते.

भुरीला वाहनाची धडक बसली होती. दातांवरून डॉक्टरांनी तिचे वय दीड ते दोन वर्षे सांगितले. अंगावर उघडी जखम जवळजवळ नव्हती, फक्त मागचा डावा पाय लोंबत होता, त्यामुळे पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटत होते की पायाचेच काय ते बघायचे आहे. डॉक्टरांनी मात्र पायाला हात लावण्याआधी तिचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबले आणि सोडले. दाबल्यामुळे पांढरा पडलेला ठिपका निरोगी कुत्र्यात 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. भुरीची हिरडी मुळातच फिकट होती आणि तो ठिपका भरून यायला बराच वेळ लागला. रक्ताभिसरण कोलमडत असल्याचे ते लक्षण होते, आणि अशा अवस्थेत भूल दिली असती तर ती टेबलावरच गेली असती.

वाहनाच्या धडकेत पाय मोडलेल्या कुत्र्याची शस्त्रक्रिया ताबडतोब का करत नाहीत, असे पुष्कळजण रागाने विचारतात, आणि कधी कधी रुग्णालय पैशासाठी अडून बसले आहे असा अर्थही काढतात. खरे कारण वेगळे असते. ज्या धक्क्याने मांडीसारखे जाड हाड मोडते, त्याच धक्क्याने फुप्फुसाला मार बसलेला असू शकतो, छातीच्या पोकळीत हवा साठलेली असू शकते, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली असू शकतात किंवा मूत्राशय फुटलेले असू शकते. यांतले काही पहिल्या तासाला दिसतच नाही. म्हणून आधी सलाईन, प्राणवायू, वेदनाशामक इंजेक्शन, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि लघवी होते की नाही यावर लक्ष, अशा क्रमाने काम चालते, आणि हाडाची शस्त्रक्रिया बहुधा 24 ते 48 तासांनंतर, जनावर स्थिरावल्यावर होते. उघड्या जखमेतून हाड बाहेर आले असेल तर जखम धुणे आणि प्रतिजैविके मात्र पहिल्या काही तासांतच सुरू व्हावी लागतात. याच काळात कोणीतरी घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ पाहतो. तिथे ठाम नकार द्यावा, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

म्हणूनच आवाहन दोन टप्प्यांत करावे, या मताला मी आले आहे. पहिले आवाहन फक्त तातडीच्या उपचारांसाठी आणि तपासण्यांसाठी असावे. रक्कम लहान असावी, आणि त्यातच स्पष्ट लिहावे की निदान झाल्यावर पुढचा खर्च कळवू. तपासणीचे अहवाल आणि खर्चाचा लेखी अंदाज हाती आल्यावर दुसरे, मोठे आवाहन करावे. थांबण्याचा तो एक-दोन दिवसांचा काळ वाया जात नाही. त्यात खाते कोणाचे वापरायचे, हिशेब कोण ठेवणार, रुग्णालयाशी कोण बोलणार हे ठरते. आम्ही बोलण्यासाठी एकच व्यक्ती नेमली. चार जणांनी चार वेळा फोन करून डॉक्टरांना तेच ते विचारले की डॉक्टर वैतागतात, आणि चौघांना चार वेगवेगळी उत्तरे समजतात ती गोष्ट आणखी वेगळी.

लेखी अंदाज मागताना नुसती शस्त्रक्रियेची रक्कम विचारून भागत नाही. भूल, भुलेआधीच्या रक्ततपासण्या, हाडात बसवायचे साहित्य, रुग्णालयात राहण्याचा रोजचा आकार, औषधे, ड्रेसिंग, टाके काढणे आणि नंतरचे एक्स-रे यांतले काय काय धरलेले आहे आणि काय धरलेले नाही, हे एकेक विचारून लिहून घ्यावे. डॉक्टर बहुधा एक नेमका आकडा देत नाहीत, किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा देतात. आवाहनात त्या दोन्ही लिहाव्यात. किमान रक्कम जाहीर करून नंतर पुन्हा हात पसरण्यापेक्षा, अडचण आली तर खर्च कुठपर्यंत जाऊ शकतो हे आधी सांगितलेले बरे. अनामत रक्कम किती लागेल आणि उरलेली टप्प्याटप्प्याने भरता येईल का, हेही न संकोचता विचारावे. पुष्कळ डॉक्टर बेवारस जनावरासाठी स्वतःचे शुल्क कमी करतात. साहित्याची आणि औषधांची किंमत मात्र त्यांनाही मोजावी लागते, त्यामुळे घासाघीस कशात करायची आणि कशात करू नये याचे भान ठेवावे. आणि डॉक्टरांनी सूट दिली तर ती आवाहनात लिहावी, कारण तीही एक देणगीच आहे.

कुत्र्याच्या पायासाठी एवढा खर्च कसा काय, असे विचारणाऱ्याला आम्ही शांतपणे समजावून सांगत असू. हाड प्लेट आणि स्क्रूने जोडण्याची आजची पद्धत 1958 साली स्वित्झर्लंडमधल्या काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या कामातून आकाराला आली, आणि जनावरांची हाडे जोडतानाही तीच तत्त्वे पाळली जातात. प्लेट त्याच प्रकारच्या धातूची असते, निर्जंतुक खोली तशीच लागते, आणि भूल चढवून सगळा वेळ श्वासाकडे व हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवणारा माणूसही तसाच लागतो. त्यात मांडीचे हाड प्लास्टरने जुळत नाही. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधता आले तरच प्लास्टरचा उपयोग होतो, आणि कुत्र्याचा खुबा तसा बांधता येत नाही. उलट बांधलेल्या प्लास्टरचे ओझे मोडलेल्या जागी येऊन हाड आणखी हलते. एवढे सांगितल्यावर बहुतेकांचे समाधान होते, आणि काही जण तर मदतही करतात.

भुरीच्या एक्स-रेमध्ये मांडीचे हाड मध्यावर तीन तुकड्यांत मोडलेले दिसले आणि कमरेच्या हाडालाही एका बाजूला तडा गेलेला होता. कमरेच्या हाडाचे नाव ऐकून सगळ्यांचे धाबे दणाणले, पण डॉक्टरांनी सांगितले की चालताना शरीराचा भार ज्या भागातून पायाकडे जातो तो भाग आणि खुब्याची वाटी शाबूत असेल तर तो तडा नुसत्या विश्रांतीने भरून येतो. म्हणजे एक्स-रेमध्ये दोन हाडे मोडलेली दिसली तरी शस्त्रक्रिया एकाच हाडाची करायची होती. दोन्ही हाडांसाठी पैसे हवेत असे आम्ही घाईने जाहीर केले असते, तर लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतले गेले असते.

मांडीसाठी तीन पर्याय समोर होते. प्लेट आणि स्क्रू बसवणे हा सर्वांत भक्कम आणि सर्वांत महाग उपाय होता. हाडाच्या पोकळीतून सळई घालून बाहेरून आधाराची चौकट लावणे हा तुलनेने स्वस्त होता, पण चौकटीच्या सळया कातडीतून बाहेर येत असल्यामुळे कित्येक आठवडे रोजची स्वच्छता अटळ होती. पाय काढून टाकणे हा तिसरा पर्याय. या तिसऱ्या पर्यायाबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण त्यावरून निधी गोळा करणाऱ्यांमध्ये अतिशय कटू वाद होतात.

कुत्रा उभा असताना त्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी बहुतेक कुत्री फार लवकर सावरतात. पुष्कळशी तर शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत स्वतः उठून चालतात, आणि महिनाभरात त्यांची चाल बसते. पाय काढणे ही एकच शस्त्रक्रिया असते, हाड जुळेल की नाही याची टांगणी राहत नाही आणि नंतरची देखभालही कमी लागते. ज्या पायाच्या नसा तुटल्या आहेत, जो पाय जाणीव नसल्यामुळे फरफटत राहणार आणि घासून घासून पुन्हा जखमी होणार, तो केवळ पाहणाऱ्याला बरे वाटावे म्हणून ठेवणे मला क्रूर वाटते. दुसऱ्या बाजूने हेही खरे की कुत्रा वजनदार असेल, दुसऱ्या पायाचा खुबा किंवा गुडघा अधू असेल, तर तीन पायांवर आयुष्य काढणे त्याला जड जाते. भुरीच्या कमरेला तडा होता आणि जखमी पायाच्या नसा चांगल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी पाय वाचवण्याचा सल्ला दिला आणि आम्ही तो मानला. आवाहनात आम्ही तिन्ही पर्याय आणि निवडीचे कारण लिहिले. पाय वाचवायचा म्हटले की पैसे पटकन येतात आणि पाय काढायचा म्हटले की लोक हात आखडता घेतात, हे मी पूर्वी पाहिले आहे. म्हणूनच उपचाराचा निर्णय डॉक्टरांनी जनावर पाहून घ्यावा आणि निधी त्यामागून यावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

निर्णय झाला तरी शस्त्रक्रिया लगेच झाली नाही. रक्ततपासणीत भुरीच्या प्लेटलेट फार कमी आढळल्या. उष्ण हवेच्या प्रदेशात उघड्यावर वाढलेल्या कुत्र्यांमध्ये गोचिडांमुळे होणारा ताप नेहमी आढळतो, आणि त्यात प्लेटलेट घसरतात. रक्त गोठवण्याचे काम त्यांचे, त्यामुळे त्या कमी असताना मांडी उघडली तर रक्तस्राव आवरत नाही. या तापावरच्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा पूर्ण उपचार साधारण 28 दिवसांचा असतो, परंतु प्लेटलेट बहुधा त्याच्या पुष्कळ आधी वाढू लागतात. इकडे हाडही फार दिवस तसेच ठेवता येत नाही, कारण मांडीचे स्नायू आखडतात आणि सरकलेले तुकडे ओढून जागेवर आणणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. प्लेटलेट सुरक्षित पातळीच्या जवळ येईपर्यंत वाट पाहायची आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी रक्त देणारा एक निरोगी कुत्रा तयार ठेवायचा. कुत्र्यांमध्येही रक्तगट असतात, पण ज्याला आधी कधी रक्त दिलेले नाही अशा कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना तीव्र विरोध सहसा होत नाही. तरीही जुळणी पाहून देणे केव्हाही चांगले, आणि ती पाहिली गेली. एका कुटुंबाने आपला मोठा, शांत कुत्रा त्यासाठी आणला. पैसे न देता केलेली ही मदत मला फार मोलाची वाटते.

वाट पाहण्याचे ते दिवस निधीच्या दृष्टीने सर्वांत कठीण होते. पैसे जमले आहेत, मग शस्त्रक्रिया का होत नाही, असे प्रश्न येऊ लागले. आम्ही प्रत्येक रक्ततपासणीचा अहवाल, तारखेसह, सगळ्यांना पाठवत राहिलो आणि त्याखाली दोन ओळींत त्याचा अर्थ लिहीत राहिलो. निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात प्लेटलेट साधारण दीड-दोन लाखांच्या वर असतात, भुरीच्या आज इतक्या आहेत, डॉक्टरांना अमुक पातळीची प्रतीक्षा आहे, एवढेच. माहिती रोज मिळत राहिली तर माणसे धीर धरतात. कळवायला काही नसेल त्या दिवशी, आज काही बदल नाही, असेही कळवावे.

आवाहनाच्या भाषेविषयी माझी मते ठाम आहेत. 24 तासांत पैसे आले नाहीत तर हिचा जीव जाईल, असे वाक्य ते शब्दशः खरे असल्याखेरीज लिहू नये. भीती घालून मिळवलेला पैसा एकदाच मिळतो आणि पुढच्या जखमी जनावराच्या वाट्याचा विश्वास संपवून जातो. छायाचित्र एखादे असावे, स्पष्ट असावे, आजचे असावे आणि त्याच जनावराचे असावे. जखमेचे छायाचित्र पहिल्याच नजरेला पडेल असे लावू नये. ज्याला पाहायचे आहे त्याला मागितल्यावर द्यावे. इतरांची छायाचित्रे उचलून खोटी आवाहने करणारे असतात, म्हणून आम्ही रुग्णालयाच्या नोंदीचा कागद, त्यावरचे जनावराचे वर्णन आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांचा अहवालही सोबत जोडला होता. आमचे आवाहन साधारण असे होते:

"भुरीच्या मागच्या डाव्या मांडीचे हाड तीन तुकड्यांत मोडले आहे. कमरेच्या हाडाला तडा आहे, पण त्याला शस्त्रक्रियेची गरज नाही. छाती आणि पोट तपासले असून तिथे इजा नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मांडीत प्लेट बसवायची आहे. सोबतच्या अंदाजात शस्त्रक्रिया, रुग्णालयातील मुक्काम आणि पुढच्या तीन महिन्यांची देखभाल धरली आहे. ती वाचली नाही किंवा पैसे उरले, तर उरलेली रक्कम याच रुग्णालयात दाखल होणाऱ्या पुढच्या बेवारस जनावराच्या उपचारासाठी भरली जाईल. ज्यांना हे मान्य नसेल त्यांची न वापरलेली देणगी परत करू. शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात भरावे आणि पावतीवर भुरीचे नाव लिहून घ्यावे."

शेवटची तीन वाक्ये लिहायला अवघड जातात, कारण जनावर मरेल हा विचार कोणालाच नको असतो. पण ती पहिल्या दिवशी लिहिली नाहीत तर नंतर, दुःखाच्या भरात, शिल्लक पैशांवरून माणसे एकमेकांशी भांडतात. थेट रुग्णालयात पैसे भरण्याचा आग्रह धरल्यामुळे निम्म्याहून अधिक शंका आपोआप मिटतात. सगळाच पैसा तसा जाऊ शकत नाही, कारण औषधे, गादी, वाहनखर्च, नंतरची देखभाल यांसाठी काही रक्कम हाताशी लागते. तिच्यासाठी स्वतःच्या रोजच्या व्यवहाराचे खाते वापरू नये, वेगळे खाते ठेवावे, आणि त्याचे व्यवहार दोघांना दिसतील अशी सोय असावी. इंटरनेटवरच्या एखाद्या निधिसंकलन सेवेतून पैसे गोळा करत असाल तर ती किती टक्के कापून घेते आणि पैसे किती दिवसांनी हातात पडतात हे आधी वाचून घ्यावे. शस्त्रक्रिया उद्या आणि पैसे पुढच्या आठवड्यात, अशी परिस्थिती झाली तर मधल्या दिवसांसाठी कोणाला तरी पदरमोड करावी लागते.

लहान देणग्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवते. फूल ना फुलाची पाकळी म्हणून अगदी थोडी रक्कम देणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि पुढच्या महिन्यांत भुरीची चौकशी सर्वांत जास्त त्यांनीच केली. त्यांच्यातल्याच एका बाईंनी नंतर तिची गादी शिवून पाठवली. रकमेप्रमाणे नावांची यादी लावण्याचा मोह म्हणून टाळावा. आम्ही नावे न छापता तारीखवार जमा आणि खर्च एवढेच जाहीर केले.

माणसे उपाशी असताना कुत्र्यासाठी पैसे कसले मागता, हा आक्षेप प्रत्येक वेळी येतो. त्यावर वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. ज्याला जिथे द्यावेसे वाटते तिथे त्याने द्यावे. जखमी जनावर समोर पडलेले असताना त्याला उचलणे हे कोणाच्या ताटातले काढून घेणे आहे, असे मला कधीच वाटलेले नाही.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. आता ज्या भागासाठी मी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला त्याकडे येते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची बातमी दिली की अभिनंदनाचे संदेश येतात आणि पैसे येणे थांबते. लोकांच्या दृष्टीने काम संपलेले असते, पण जनावराच्या दृष्टीने ते तेव्हा सुरू होते. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर कुत्र्याने जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराचा संरक्षक पट्टा, म्हणजे कोन, घालावा लागतो. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे हाड जुळायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात, पिल्लांचे पुष्कळ लवकर जुळते. या सगळ्या काळात त्याने धावायचे नाही, उड्या मारायच्या नाहीत, जिने चढायचे नाहीत आणि गुळगुळीत फरशीवर घसरायचे नाही. पिंजऱ्यात किंवा लहानशा आडोशात बंदिस्त ठेवायचे, आणि दिवसातून काही वेळा शी-शूपुरते पट्ट्याने बाहेर न्यायचे. बरे वाटू लागलेल्या तरण्या कुत्र्याला हे काहीच समजत नाही. वेदना कमी होतात आणि पाय टेकवता येऊ लागतो तेव्हाच धोका वाढतो, कारण हाड अजून जुळलेले नसते आणि सगळा भार प्लेटवर असतो. एका उडीने स्क्रू उखडतात आणि सगळी शस्त्रक्रिया, सगळ्या खर्चासह, पुन्हा करावी लागते.

भुरीला सुरुवातीला बाहेर नेताना एक मोठा टॉवेल लांबट घडी करून तिच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घालायचा आणि त्याची दोन्ही टोके पाठीवर एका मुठीत धरायची, असे आम्हाला शिकवले होते. पूर्ण उचलायचे नाही, फक्त मागचा भार हलका करायचा. ती चालेल तितक्याच वेगाने आपण चालायचे. पहिल्या आठवड्यात डावा पाय हवेतच असायचा. नंतर बोटांची टोके जमिनीला लागू लागली, मग पंजा टेकू लागला. गुडघा आखडू नये म्हणून दिवसातून काही वेळा तो हलक्या हाताने वाकवायचा आणि सरळ करायचा, हेही डॉक्टरांनी दाखवून दिले. मांडीचे हाड मोडलेल्या पिल्लांमध्ये हा व्यायाम राहिला तर मांडीचा पुढचा स्नायू आखडून पाय काठीसारखा ताठ होतो आणि तो पुन्हा सैल करणे जवळजवळ अशक्य असते.

हे सगळे करायला एक घर लागते, एक माणूस लागतो आणि पैसेही लागतात. तात्पुरता सांभाळ करणारे घर मिळाले नाही तर रुग्णालयात किंवा सांभाळगृहात रोजच्या आकाराने ठेवावे लागते, आणि ते तीन महिन्यांचे गणित शस्त्रक्रियेच्या रकमेला सहज गाठते. त्यात सहा ते आठ आठवड्यांनी हाड जुळते आहे का हे पाहणारा एक्स-रे येतो, आणि तो पाहून गरज पडल्यास पुन्हा एक. जखमेत जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविके आणि ड्रेसिंग वाढते. प्लेट सहसा जन्मभर आतच राहू देतात, पण ती सैल झाली किंवा तिथे सतत संसर्ग राहिला तर हाड जुळल्यावर काढावी लागते, म्हणजे पुन्हा भूल. भुरीला सांभाळणारे घर मिळाले, तरीही शस्त्रक्रियेनंतरचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास गेला. हा खर्च पहिल्या अंदाजात धरलेला नसता तर तो कोणाच्या तरी एकट्याच्या अंगावर पडला असता. सांभाळणारी व्यक्ती बहुधा संकोचाने काही मागत नाही, गुपचूप खर्च करत राहते आणि पुढच्या वेळी जनावर घ्यायला तयार होत नाही. चांगली तात्पुरती घरे अशीच कमी होत जातात.

प्रत्येक जखमी कुत्र्यासाठी शस्त्रक्रियेचा निधी उभारावा असे मात्र मी म्हणणार नाही. पाठीचा कणा मोडलेल्या कुत्र्याची एक तपासणी मी पाहिली आहे. डॉक्टर चिमट्याने मागच्या पायाचे बोट हाडापर्यंत दाबतात. पाय झटकन मागे येतो आणि आजूबाजूच्या माणसांना वाटते की जाणीव आहे. पण ती केवळ कण्याच्या खालच्या भागातून येणारी प्रतिक्रिया असते. वेदना मेंदूपर्यंत पोहोचली तर कुत्रा मान वळवून पाहतो, विव्हळतो किंवा चावायला येतो. त्या कुत्र्याचा पाय हलला, पण तो समोर पाहत राहिला. अपघाताने कणा मोडून ही खोल जाणीव पूर्ण गेलेली असेल तर शस्त्रक्रिया करूनही पाय परत येण्याची शक्यता फारच कमी असते. अशा वेळी कोणासाठी काय मागायचे याचा विचार बदलावा लागतो. मूत्राशय दिवसातून काही वेळा हाताने दाबून रिकामे करणारा, घासलेल्या जखमा रोज पाहणारा आणि चाकगाडीची सवय लावणारा माणूस वर्षानुवर्षे मिळणार असेल, तर त्यासाठी निधी मागावा. तो मिळणार नसेल आणि जनावराला वेदना असतील, तर वेदनारहित मरणाचा सल्ला डॉक्टर देतात. तो निर्णय लोकांना कळवताना आडपडदा ठेवू नये. तसे कळवल्यावर शिव्याही मिळतात. त्या ऐकून घ्याव्या लागतात, पण केवळ आपण निधी सुरू केला आहे म्हणून ज्याचा उपयोग नाही ती शस्त्रक्रिया त्या जिवावर लादणे मला मान्य नाही.

भुरीचा शेवटचा एक्स-रे चांगला आला. मोडलेल्या जागेभोवती नवे हाड भरून आले आहे आणि स्क्रू जागच्या जागी आहेत. ती थोडी लंगडते, विशेषतः झोपून उठल्यावर, आणि हे काही प्रमाणात राहील असे डॉक्टरांनी सांगितले आहे. जमा-खर्चाचा अंतिम तक्ता पावत्यांसह सर्व देणगीदारांना पाठवला असून उरलेली रक्कम आवाहनात लिहिल्याप्रमाणे त्याच रुग्णालयात, पुढच्या बेवारस जनावराच्या नावे भरली आहे. जबडा मोडलेला एक कुत्रा तिथे लगेचच दाखल झाला आणि त्याच्या सुरुवातीच्या तपासण्या त्या पैशातून झाल्या. भुरीला दत्तक घेणारे कुटुंबही ठरले आहे. त्यांना तिचे सगळे एक्स-रे, गोचीड तापाच्या उपचाराची नोंद, मांडीत प्लेट असल्याचे डॉक्टरांचे पत्र आणि कोणती वेदनाशामके द्यायची नाहीत याची यादी अशी एक फाईल दिली आहे. वजन वाढू द्यायचे नाही, हे त्यांना तोंडी सांगितले आहे आणि फाईलच्या पहिल्या पानावर लिहूनही दिले आहे.